कट, कट्टी आणि काटकसर : एका शब्दाचा आपल्या जिल्ह्यातला प्रवास

आजचा विषय तुम्हाला जरा गमतीचा वाटेल. व्याख्यानासाठी लोक मोठमोठे विषय घेतात, मी एक अक्षरी इंग्रजी शब्द घेतलाय : ‘कट’. लिहायला दोन अक्षरं लागतात, पण बोलायला एकच झटका. आणि हा झटका बुलढाणा जिल्ह्यात सकाळपासून रात्रीपर्यंत आपण किती ठिकाणी खातो, ते आधी बघा.

सकाळी टपरीवर कट चहा. फोन कट झाला. मोटारसायकलवाल्यानं कट मारला. बारावीच्या मुलाचा कटऑफ हुकला. मास्तरांच्या पगारातून टीडीएस कट झाला. पोरगं कटिंगला गेलंय. बाजार समितीत सोयाबीनच्या पोत्यामागे कट लागला. दवाखान्यात कोणीतरी हळूच सांगतं की अमक्या तपासणीत तमक्याचा कट असतो. आणि मुंबईत विधिमंडळ बसलं की पेपरात येतं, कपात सूचना मांडल्या. ही शेवटचीसुद्धा ‘कट मोशन’च आहे, फक्त मराठी सदरा घालून आलेली.

आता चहाचा कट आणि फोनचा कट सोडून देऊ. मला ज्या कटाबद्दल बोलायचंय, तो ‘कमी करणे’ या अर्थाचा. कोणाला तरी काहीतरी मिळायचं होतं, त्यातलं थोडं कमी झालं. हा अर्थ आपल्याकडं कसा आला, कुठे कुठे गेला आणि जाताना त्यानं काय लपवलं, एवढंच आजचं बोलणं.

पहिला गैरसमज दूर करू. बाजारात आपण ज्याला कट्टी किंवा कटती म्हणतो, ते इंग्रजी ‘कट’चं पिल्लू नाही. ते आपल्या ‘काटणे’च्या घरातलं, आणि काटणेची वंशावळ संस्कृतातल्या ‘कृत्’ धातूपर्यंत जाते. कर्तन, कात्री, कातरणे ही सगळी त्याच गोतावळ्यातली मंडळी. इंग्रजी ‘कट’चं मूळ त्यांच्या कोशकारांनाही नीट लागलेलं नाही, उत्तर युरोपातल्या एखाद्या बोलीतून आलं असावं, असा त्यांचा कयास. म्हणजे दोन शब्द दिसायला सारखे, अर्थाला सारखे, पण नात्यानं परके. बाजारात मात्र दोघं असे भेटले की आज कोणता कुठला, हे सांगता येत नाही.

इंग्रजी शब्द यायच्या आधी आपल्याकडं कमी करण्याला शब्द नव्हते का? भरपूर होते, आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाचं काम वेगळं होतं. ‘वजावट’ म्हणजे हिशेबातून उणे करणं. ‘वजा’ फारसी दफ्तरातून आलेला. ‘वटाव’ म्हणजे रोख पैसे लगेच दिले तर व्यापारी जी सूट कापतो ती. ‘कडता’ म्हणजे पोत्याचं वजन, माती, काडीकचरा यांपोटी मापातून सोडायचा हिस्सा. ‘घट’ म्हणजे माल सुकून आपोआप जे कमी होतं ते. ‘सूट’ सरकारनं सारा सोडला तर, ‘तहकुबी’ सारा सोडला नाही, नुसता पुढं ढकलला तर. ‘कसर’ अरबीतून आला, मूळ अर्थ मोडणं, तुकडा, अपूर्णांक. या शब्दांची गंमत अशी की शब्द उच्चारला की कोण कापतंय, कशासाठी कापतंय आणि कापलेलं परत मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा कळायचं. सूट आणि तहकुबी यांतला फरक ज्या कास्तकाराला कळत नव्हता, त्याचं पुढच्या वर्षी काय व्हायचं, ते सांगायला नको.

आता इतिहासाकडं येऊ. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. भाव चढले. पण त्याच काळात मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची ओरड सुरू झाली की हिंदुस्थानी कापूस ओला असतो, त्यात सरकी आणि कचरा मिसळलेला असतो. १८६३ मध्ये मुंबई सरकारनं कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच केला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. खामगाव तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात नव्हतं बरं का. खामगाव आणि जळगाव जामोद आपल्याकडं १९०५ मध्ये आले.

तर विचार करा. लिव्हरपूलचा दलाल म्हणतो, माल घाण आहे, भाव कमी. मुंबईचा व्यापारी तो तोटा खामगावच्या आडत्यावर टाकतो. आडत्या तो बैलगाडीसोबत उभ्या असलेल्या माणसावर टाकतो. त्या माणसाच्या खाली कोणी नाही. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं कापलं जातं आणि प्रत्येकाकडं वरच्याचं कारण असतं. शेवटी कास्तकाराच्या हातात येतो तो उरलेला आकडा आणि एक शब्द : कट्टी.

व्यापाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर हे भाषण होईल, विचार होणार नाही. ओला कापूस खरोखर सुकतो. पाण्याचे पैसे देणारा व्यापारी दोन हंगामांत बसतो. माती-काडीही खरीच असते. तेव्हा कापणं मुळातच अन्याय आहे, असं मी म्हणत नाही. प्रश्न असा की कापलेलं मोजून कापलं की रिवाज म्हणून.

हाच प्रश्न घेऊन वऱ्हाडात एक मोठी गोष्ट घडली, जिचा आपल्याला सार्थ अभिमान हवा. नियंत्रित बाजाराची कल्पना हिंदुस्थानात प्रथम वऱ्हाडात रुजली. १८८६ मध्ये कारंजा इथं असा पहिला बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढं शेतीविषयक रॉयल कमिशननं १९२८ च्या अहवालात देशभर असे नियंत्रित बाजार असावेत, अशी शिफारस केली. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३२ चा कापूस बाजार कायदा, १९३५ चा शेतमाल बाजार कायदा आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा बाजार समिती कायदा, अशी ही ओळ आहे. या सगळ्या कायद्यांचा गाभा एकच : लिलाव उघड असावा, माप खरं असावं आणि ठरवून दिल्याखेरीज कोणी काही कापू नये. म्हणजे कायद्याचं अर्धं भांडण ‘कट’शी आहे. सव्वाशे वर्षं हे भांडण चाललंय, आणि अजूनही हंगामात कट्टीच्या नावाखाली लूट अशी बातमी पेपरात येते. कायदा हरला असं नाही. पण रिवाज कायद्यापेक्षा चिवट असतो, आणि रिवाजाला जगायला एक गोलमोल शब्द पुरतो.

इथं मी थोडा माझ्या विषयाकडं, तत्त्वज्ञानाकडं वळतो. घाबरू नका, पाचच मिनिटं.

आपल्या न्याय-वैशेषिकांनी ‘नसण्या’चा फार बारीक विचार केलाय. त्याला ते अभाव म्हणतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त, जो संस्कृत शिकणाऱ्या मुलांचं पहिलं तर्काचं पुस्तक, अभावाचे चार प्रकार दिलेत. त्यांतला आपल्या कामाचा नियम असा : अभाव नुसता नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कशात तरी असतो. घड्याचा अभाव, जमिनीवर. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, ज्यात अभाव तो अनुयोगी. ही दोन्ही नावं सांगितल्याशिवाय अभावाचं वाक्य पुरं होत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. घडा अजून बनलाच नाही, तेव्हाचा अभाव म्हणजे प्रागभाव. त्याला सुरुवात नाही. घडा फुटल्यावरचा अभाव म्हणजे प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे. आणि ज्याला सुरुवात आहे, त्याला कारण आहे. कोणीतरी, कशानं तरी, कधीतरी तो घडा फोडला.

आता ही कसोटी ‘कट’ला लावा. ‘दहा टक्के कट’ हे वाक्य पुरं आहे का? नाही. कशाचे दहा टक्के, कोणाच्या पदरातले दहा टक्के आणि कोणी कापले? ‘कट’ हा प्रध्वंसाभाव आहे, म्हणजे त्याला कर्ता आहे. ‘कट लागला’ असं म्हटलं की तो पाऊस लागल्यासारखा, दृष्ट लागल्यासारखा वाटतो. व्याकरणात कर्ता गेला, की हिशेबातूनही जातो. ‘घट आली’ म्हणा, चालेल, कारण सुकणं निसर्गाचं काम. ‘कट लागला’ हे मात्र घटीचं सोंग घेतलेलं कापणं आहे.

एक साधा हिशेब सांगतो, घरी करून बघा. सोयाबीनला आधारभूत खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के धरतात. २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. समजा तुमच्या मालाचा ओलावा यंत्रावर १५ टक्के निघाला. १०० किलोत ८५ किलो कोरडा दाणा. १२ टक्के ओलाव्याच्या हिशेबानं तो साधारण ९६ किलो ६०० ग्रॅम होतो. म्हणजे न्यायाची वजावट ३ किलो ४०० ग्रॅम. ही घट. आता कोणी पाच किलो कापले, तर ३ किलो ४०० ग्रॅमपर्यंत ती घट आणि वरचे १ किलो ६०० ग्रॅम म्हणजे कट. पावतीवर दोन्ही एकाच ओळीत असतात. त्या ओळीचे दोन तुकडे करता येणं, हीच खरी साक्षरता.

बरं, बाजारातून आता कायदेमंडळात जाऊ. तिथं हाच शब्द उलट्या बाजूनं उभा राहतो. अर्थसंकल्पातल्या मागणीवर सदस्य कपात सूचना मांडतो. लोकसभेच्या नियमांत तिचे तीन प्रकार. धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणा. खर्च जास्त वाटला तर अमुक रक्कम कमी करा, तिला काटकसर कपात म्हणतात. आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर १०० रुपये कमी करा, ती सांकेतिक कपात. शंभर रुपयांनी सरकारचं काय बिघडतं? काही नाही. पण त्या शंभर रुपयांच्या निमित्तानं मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

याचं आपल्या भागातलं उदाहरण तर फार मोठं आहे. १९१९ च्या कायद्यानं प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. १९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांताच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळालं. वऱ्हाडचे प्रतिनिधीही त्याच मंडळात बसत. १९२४ मध्ये या मंडळानं मंत्र्यांचा पगार कापला. किती ठेवला? वर्षाला दोन रुपये! (हशा) तुम्ही हसता, तेव्हाही लोक हसले असतील. पण त्या दोन रुपयांनी द्विदल पद्धतीचं पोकळपण जगाला दाखवलं. इथं कट लोकांच्या बाजूनं होता, कापणाऱ्यांची नावं नोंदलेली होती, मतं मोजली होती, कारण उघड सांगितलं होतं. म्हणजे कापणं वाईट नाही. सही न करता कापणं वाईट.

मग १९३१ साल आलं. जगात मंदी, कापसाचे भाव कोसळलेले. सरकारनं नोकरांच्या पगारात १० टक्के कपात केली. त्याच वर्षी खुद्द इंग्लंडमध्ये पगारकपातीवरून आरमारातल्या खलाशांनी इन्व्हरगॉर्डनला काम बंद पाडलं. हिंदुस्थानातली कपात पुढं टप्प्याटप्प्यानं मागं घेतली गेली. नोकरदाराच्या कपातीला तारीख होती, हुकूम होता, परत येण्याची वाट होती. कास्तकाराच्या भावात जी पडझड झाली, तिला मात्र कोणीच कपात म्हटलं नाही. ती ‘मंदी’. तिच्यावर कोणाची सही नव्हती, म्हणून ती मागे घ्यायलाही कोणी नव्हतं.

शब्दांवर सरकारं किती जपून चालतात, हे २०२० मध्ये आपण पाहिलं. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत ३१ मार्चला राज्य सरकारनं जाहीर केलं की लोकप्रतिनिधींच्या मार्चच्या वेतनात ६० टक्के, अ आणि ब वर्गाच्या वेतनात ५० टक्के, क वर्गाच्या वेतनात २५ टक्के कपात होईल. कर्मचारी संघटना अस्वस्थ झाल्या. लगेच खुलासा आला : कपात नाही, वेतन दोन टप्प्यांत देऊ. आकडे तेच, शब्द बदलला. आणि हा बदल पोकळ नव्हता बरं. हा तोच जुना, सूट आणि तहकुबीमधला फरक!

विजेचंही बघा. दोन हजारच्या दशकात आपल्या गावांनी बारा-बारा तास अंधार काढला. शहरात त्याला पॉवर कट म्हणत, कचेरीत ‘भारनियमन’. भारनियमन! जणू कोणी शिस्त लावतंय. गावात साधं म्हणत, लाइन गेली. तिन्ही शब्दांत ज्यानं बटण खाली केलं, तो माणूस दिसत नाही.

आता मला जे सगळ्यात गंभीर वाटतं, तिकडं येतो. कर्ज.

२०१६ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा आला. मोठी कंपनी बुडाली की बँका आपल्या येण्याचा काही भाग सोडून उरलेला घेतात. या सोडण्याला अर्थशास्त्रात आणि वर्तमानपत्रात काय म्हणतात? ‘हेअरकट’. बघा शब्द कसा साधा आहे. केस काय, परत वाढतात. दुखत नाही. उलट माणूस टापटीप दिसतो. आणि केस कापले गेले ते बँकेचे, कंपनीच्या मालकाचं त्यात नावच नाही.

शेतकऱ्याचं कर्ज सोडलं तर शब्द कोणता? ‘माफी’. माफी कोणाला देतात? ज्यानं गुन्हा केलाय त्याला. म्हणून तर शेतकरी चळवळीनं कर्जमाफी नको, कर्जमुक्ती म्हणा, असा आग्रह धरला. त्यांचा मुद्दा असा की भाव सरकारी धोरणानं पाडला असेल, तर कर्ज हा शेतकऱ्याचा अपराध नव्हे. २०१९ च्या राज्याच्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ आला. शब्दाच्या लढाईत तेवढं तरी जिंकलं म्हणायचं.

२००८ ची केंद्राची योजना आठवा. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी. त्याहून जास्त जमीन असेल तर ७५ टक्के आधी भरा, मग २५ टक्के सवलत. कागदावर नियम सारखाच. पण बागायती दोन हेक्टर आणि आपल्या मोताळा, संग्रामपूर, सिंदखेडराजाकडची कोरडवाहू दोन हेक्टर एक आहेत का? विदर्भातून त्या वेळी हीच तक्रार झाली : सात-आठ एकर कोरडवाहू वावर असलेला माणूस कागदावर मोठा शेतकरी ठरला. कापण्याची रेघ कुठं ओढायची, हाही एक कटच असतो. ती रेघ ओढणाऱ्याला दिसत नाही की ती कोणाच्या वावरातून गेली.

अजून एक कट राहिला, दवाखान्यातला. त्याला ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात. रुग्ण पाठवला, तपासणी लिहिली, की बिलातला हिस्सा पाठवणाऱ्याला. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत हे निषिद्ध आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही करून घेतला, पण तो कायदा काही झाला नाही. बहुसंख्य डॉक्टर प्रामाणिक आहेत, आणि त्यांच्यातूनच याविरुद्ध आवाज उठला, हेही सांगितलं पाहिजे. पण शब्दाकडं बघा. इथं ‘कट’ म्हणजे कमी होणं नव्हे, कोणाला तरी मिळणं. एकाचा कट वाढला की दुसऱ्याच्या खिशातून जातो. आणि योगायोग असा की मराठीत ‘कट’ म्हणजे कारस्थान हा अर्थ आधीपासून होताच. इंग्रजी हिस्सा आणि मराठी कारस्थान एकाच अक्षरजोडीत येऊन बसले. बाजारातल्या कट्टीत हे ‘मिळणं’ झाकलेलं असतं, दवाखान्यात ते उघडं पडतं. प्रत्येक कपातीत कापलेलं कुठंतरी जातंच. ते हवेत विरत नाही.

शेवटी एक शब्द, जो मला आपल्या भाषेचा ठेवा वाटतो : काटकसर. दोन्ही बाजूंनी कापणंच. काट म्हणजे कापणं, कसर म्हणजे तुकडा, उणीव. एक देशी, एक अरबी. पण जोडून झालेला शब्द चांगुलपणाचा. का? कारण काटकसर माणूस स्वतःच्या ताटात करतो. आपल्या आयांनी, आज्यांनी केली. कापणारी तीच, कापलं जातं तिचंच, आणि वाचलेलं कुठं जातं ते तिला ठाऊक असतं : पोराच्या फीला, बियाण्याला. तिन्ही उत्तरं एका माणसापाशी. म्हणून सरकार दुसऱ्याच्या पैशात कपात करून तिला ‘काटकसर’ म्हणतं, तेव्हा माझा कान टवकारतो. दुसऱ्याच्या ताटातली काटकसर हा शब्द मराठीत बसत नाही.

तेव्हा मित्रहो, इंग्रजी शब्द नको, असं माझं म्हणणं नाही. शब्द आलाय, राहणार. पण पावतीवर, पगारपत्रकावर, बिलावर, सरकारी निर्णयात कुठंही ‘कट’ किंवा ‘कपात’ दिसली, तर तीन गोष्टी विचारा : कशातून कापलं, कोणी कापलं, कापलेलं कुठं गेलं. आणि चौथी जमली तर : ही सूट आहे की तहकुबी? उत्तर लेखी मागा. बाजार समितीत तुमच्या शेजारच्या गाडीवाल्याला वाचता येत नसेल, तर त्याची पावतीही वाचून द्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला जे पूर्ण जमलं नाही, त्यातलं थोडं तेवढ्यानं होईल.

तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि तुमच्या गावाकडं कापण्याला आणखी कोणता शब्द असेल तर तो मला सांगा, मी लिहून घेतो.